गावरान जोडीची सीडी आणि आईचं कडवं

बोर्ली पंचतनच्या बाजारात मोबाईल रिचार्जचं एक दुकान आहे. त्याच्या दाराशी एका खोक्यात जुन्या सीड्या पडलेल्या असतात आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, 'कोणतीही घ्या, तीस रुपये'. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अलिबागहून घरी येताना मी तिथे मोबाईलचं कव्हर घ्यायला थांबले. त्या खोक्यात एका विनोदी नाटकाची सीडी होती, एक घरच्या घरी व्यायामाची होती, आणि त्या दोघींच्या मध्ये माझा मामा होता.

मामाचा तो पासपोर्ट साइजचा फोटो मी ओळखते. ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला तेव्हा काढलेला. कापणाऱ्याने घाईत कापला असावा, कारण एक कान गायब होता. त्याच्या शेजारी आई असायला हवी होती. तिथे नऊवारी नेसलेली, नाकात मोठी नथ घातलेली, हातात विळा घेऊन खदाखदा हसणारी एक अनोळखी मुलगी होती. तिने तो विळा असा धरला होता की गवताची एक काडी कापायची वेळ आली तर आधी स्वतःचं बोट कापलं असतं. दोघांच्या मागे उसाचं शेत आणि बैलगाडी. आमच्याकडे भात आहे, नारळ आहे, सुपारी आहे. ऊस आम्ही रसाच्या गाड्यावर बघतो. पण 'गावरान' म्हटलं की ऊसच लागतो, असं कुणीतरी मुंबईत बसून ठरवलं होतं.

वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गावरान जोडीचे सदाबहार सुपरहिट्स, २१ गाणी'. मी मागची यादी मोजली. एकोणीस भरली. त्यातली आठ मामा आणि आईची. त्या आठांतही एक गाणं दोनदा होतं, वेगवेगळ्या दोन नावांनी. बाकीची अकरा कुणाची होती ते कंपनीलाच ठाऊक. प्रत्येक गाण्यापुढे 'गीत : पारंपरिक' असं छापलं होतं. म्हणजे जी गाणी माझ्या आईने भातलावणीच्या चिखलात उभं राहून रचली, ती कंपनीच्या मते कुणीच रचली नव्हती.

'सदाबहार सुपरहिट्स' या शब्दांचं मला सगळ्यात जास्त हसू आलं. या जोडीचं एकही गाणं त्याआधी बाजारात आलेलं नव्हतं.

आई आणि मामा सख्खी भावंडं. मामा मोठा. आईच्या माहेरच्या गावात बुद्धविहारासमोर जयंतीला गाणी व्हायची, तिथून त्यांची सुरुवात झाली. मग आजूबाजूच्या गावांत, लग्नाच्या हळदीला, बारशाला, जिथे बोलावतील तिथे. मामा पेटी वाजवायचा आणि पुढे गायचा, आई बरोबरीने. आईची शाळा चौथीपर्यंत झालेली. ती गाणं मनात रचायची आणि मामा ते वहीत उतरवून घ्यायचा. मामा स्वतःही रचायचा, पण कमी. लग्नानंतरही बाबांनी तिला गाण्यापासून अडवलं नाही.

मी तीन महिन्यांची असताना मुंबईच्या एका कंपनीने दोघांना गाणी भरायला बोलावलं. रेकॉर्डिंगला ती दोघं अजून 'भरणं' म्हणतात. दोन दिवसांत सात गाणी भरली, त्यातली पाच आईची. त्यानंतर कॅसेटचा धंदाच बसला, घर-नोकरीत दोघांचं एकत्र गाणंही सुटलं आणि भरलेली गाणी कुठल्यातरी कपाटात पडून राहिली. मी दहावी झाले, बारावी झाले, आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी म्हणून अलिबागला वसतिगृहात राहायला गेले, तरी ती बाहेर आली नव्हती. एवढ्या वर्षांत आई एकच गोष्ट अधूनमधून बोलायची. "एकदा माझं नाव त्या गाण्यात ऐकाया मिळालं पायजे."

हे नावाचं नीट सांगायला हवं. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्यावरून गाणं कुणाचं ते कळतं, दुसरा कागद नसतो. त्यातही आई-मामाच्या जोडीचा आणखी एक नियम होता. ज्या म्हाताऱ्या गायकाने त्यांना शिकवलं त्याने तो घालून दिला होता. आपलं नाव आपण गायचं नाही, ते जोडीदाराने गायचं. आईच्या गाण्यातलं शेवटचं कडवं मामा गाणार, मामाच्या गाण्यातलं आई गाणार. नाव झालं की ज्याचं नाव त्याने धृपद उचलायचं. म्हणजे आईला तिचं नाव स्वतःच्या तोंडाने कधीच गाता येत नव्हतं. त्यासाठी मामा लागायचा.

आईचं सगळ्यात चांगलं गाणं खाडीच्या बांधाचं आहे. उधाणाने बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि गावातल्या बाया रांगेत उभ्या राहून हातोहात चिखलाचे गोळे देतात. त्या गाण्यात ती रांग आहे, पायात रुतणारे शिंपले आहेत, चिखल लागू नये म्हणून दूर उभे राहून हुकूम सोडणारे पुरुष आहेत. शेवटचं कडवं असं :

उभा राहिला बांध गं बाई, कोण पुसतो हात कुणाचा
— म्हणे, या बांधामंदी एक गोळा माझ्या हाताचा

जिथे रेघ आहे तिथे आईचं नाव येतं. मी ते इथे लिहिलेलं नाही, कारण ते गाण्यातच राहू दे असं आई म्हणाली.

मी सीडी घेतली. घरी सीडी चालवायला काहीच नव्हतं, तेव्हा दुकानदाराने दहा रुपये जास्त घेऊन सगळी गाणी मेमरी कार्डवर टाकून दिली. यादी वाचून तो म्हणाला, "ही कोण हायत?" मी सांगितलं, माझी आई आणि मामा. त्याने कव्हरवरच्या नथवाल्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सुटे पैसे परत दिले.

आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि बांधाचं गाणं लावलं. तिने सूप बाजूला ठेवलं. स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकून माणूस हसतं किंवा लाजतं असं मला वाटलं होतं. ती नुसती मान थोडी वाकडी करून ऐकत राहिली. रांग झाली, शिंपले झाले, हुकूम सोडणारे पुरुष झाले. मग धृपद आलं आणि गाणं संपलं. लगेच पुढचं सुरू झालं. कुणाचंतरी, ढोलाच्या जागी डब्यावर काठी मारल्यासारखा ठेका असलेलं, ज्यात एक बाई सारखी 'अगंबाई' म्हणत होती.

"पुढचं लाव," आई म्हणाली. मी तिची बाकीची चारही लावली. एकातही शेवटचं कडवं नव्हतं.

मला इतका राग आला की मी त्या कंपनीला नाही नाही ते बोलले. ऊस दाखवतात, परकी बाई दाखवतात, एक गाणं दोनदा विकतात, दोन गाणी खातात आणि वर आमची कडवी कापतात. तीस रुपयांत बसवायचं म्हणून माणसाचं नाव कापतात. मी त्या दिवशी बरंच बोलले. कॉलेजात आम्हाला कलाकाराच्या हक्कांवर एक धडा होता, त्यातलेही दोन-चार शब्द वापरले. आई सूप पुढे ओढून खडे वेचायला लागली. मला वाटलं, तिला फार लागलंय म्हणून ती गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी मी कव्हरवरच्या नंबरवर फोन केला. बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, कारण अशा ठिकाणी बोलताना माझा आवाज बारीक होतो. पलीकडून एक तरुण माणूस बोलला. मी म्हटलं, तुम्ही माझ्या आईच्या गाण्यातलं शेवटचं कडवं कापलंय. त्याने विचारलं, कुठलं गाणं? मी सांगितलं. त्याने विचारलं, कुठला अल्बम? मी तेही सांगितलं. त्याला तो अल्बम आठवेना. मी कव्हरचं वर्णन केलं तेव्हा म्हणाला, "हां, ऊसवाला."

मी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं. त्याने मध्ये तोडलं नाही. एकीकडे काहीतरी खात असावा.

"मॅडम, एक सांगू? आम्ही काय नाय कापलं," तो म्हणाला. "मास्टरमध्ये जेवढं होतं तेवढं उचललं आणि टाकलं. कापायला पण माणूस बसवावा लागतो ना. त्याचा पगार कोण देणार? तीस रुपयाचा माल आहे."

मी म्हटलं, मला मूळ रेकॉर्डिंग पाठवा. तो म्हणाला, हेच मूळ आहे, वेगळं काही नाही. मी म्हटलं, मग निदान 'पारंपरिक' खोडून आईचं नाव घाला. त्यावर तो म्हणाला की नाव व्हॉट्सॲप करून ठेवा, पुढच्या लॉटला बघू. पुढचा लॉट निघणार नाही हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी नाव पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. इतक्या आळशी माणसाला खोटं बोलायचेही कष्ट नको असतील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सुट्टी संपल्यावर अलिबागला परत जाताना मी दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले होते. कानात गाणी लावली होती. मामाचं एक गाणं लागलं, त्याने त्याच्या नोकरीवर रचलेलं, साहेबाच्या चहावर आणि सहीवर. मला ते कधीच फार आवडलं नाही. शेवटी शेवटी पेटी थोडी वळली. आईने मला सांगितलं होतं, नावाचं कडवं यायच्या आधी मामा पेटीवर एक छोटी गिरकी घेतो, म्हणजे जोडीदाराला कळतं की आता नाव. ती गिरकी आली आणि मागोमाग आईचा आवाज आला, मोठा, मोकळा. तिने मामाचं नाव घेतलं. पूर्ण कडवं. मग मामाने धृपद उचललं आणि गाणं संपलं.

मी मामाचं दुसरं गाणं लावलं. त्यातही गिरकी, आईचा आवाज, मामाचं नाव.

मग आईची पाचही पुन्हा ऐकली. तिथे कापल्याची खूण कुठेच नव्हती. गिरकीच नव्हती. पेटी वळलीच नव्हती, सरळ धृपदावर जाऊन थांबली होती. वाजवणाऱ्याला आधीच माहीत होतं की पुढे काही नाही.

बोट आगरदांड्याला लागली तरी मी बसून होते. वीस दिवस मी ज्या कंपनीला शिव्या घालत होते ती निष्काळजी होती, दरिद्री होती, तिला उसाची हौस होती. पण कडवं तिने कापलं नव्हतं. आमच्या घरातल्याच माणसाने ते भरलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि कुणाची वाटली ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आईला हे फोनवर सांगावं की नाही, याचा विचार करत मी दोन महिने काढले. सांगितलं नाही. तिने इतकी वर्षं वाट बघितली ती कशासाठी, हे मला माहीत होतं. ते न होण्याचं कारण तिचा दादा आहे हे मीच सांगावं, एवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

जानेवारीत शनिवार-रविवार जोडून मी घरी गेले तर रविवारी दुपारी मामा आला. स्कूटरच्या मागे पेटी बांधलेली, पुढे कापडी पिशवी. त्या पिशवीत त्याच सीड्या होत्या, पंचवीस. दुकानातल्या सगळ्या उचलल्या म्हणाला. सरपंचांना एक दिली, शाळेत एक दिली, आरोग्यकेंद्रात एक दिली. आरोग्यकेंद्रात सीडी कशाला ते मी विचारलं नाही. कॉटवर त्याने त्या पत्त्यांसारख्या पसरल्या, सगळीकडून त्याचा एका कानाचा चेहरा वर बघत होता. येत्या जयंतीला गावचं मंडळ त्याचा सत्कार करणार होतं. शाल, श्रीफळ.

"तू पण ये, बाय," तो आईला म्हणाला. "बाजूला खुर्ची ठेवाया सांगतो."

तो खुश होता, मनापासून खुश होता. मला त्याचा तेव्हा जितका तिटकारा आला तितका कुठल्याही माणसाचा कधी आला नव्हता. मी म्हटलं, मामा, आईच्या गाण्यांतली शेवटची कडवी कुठे आहेत? माझा आवाज बारीकच निघाला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की कंपनीवाले कापतात गो, त्यांना काय. मी म्हटलं, तुझी नाही कापली.

तो सीड्या सारख्या करायला लागला. मग सांगायला लागला. सलग नाही, तुकड्या तुकड्याने. कॅसेटची एक बाजू भरत आली होती. मालक म्हणाला, गाणी लांबतायत, काहीतरी कमी करा. आईला माझ्यासाठी घरी लवकर सोडायचं म्हणून तिच्या सगळ्या ओळी पहिल्याच दिवशी भरून झाल्या होत्या, त्यात त्याच्या नावाची दोन्ही कडवीही होती. दुसऱ्या दिवशी उरलं होतं ते फक्त त्याच्या तोंडचं. म्हणजे तिच्या नावाची पाच. भरलेलं कसं काढणार? न भरलेलं राहू दिलं. शिवाय मालक असंही म्हणाला होता की गाणी एकाच्याच नावावर असली की खपतात.

"आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं.

तो काही म्हणाला नव्हता. त्याचा तोच तर गुण आहे, साहेबासमोर काही न म्हणण्याचा. त्या गुणावर त्याने अख्खी नोकरी काढली आणि त्यावर एक गाणंही रचलं.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती चहाचे कप ठेवत होती.

"मला तू गाणं लावलंस तवाच कळलं," ती म्हणाली. "पेटी वळलीच न्हाय."

म्हणजे दिवाळीत मी ओटीवर उभी राहून कंपनीला धुवून काढत होते तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तिने मला बोलू दिलं. आपल्या दादाबद्दल लेकीसमोर बोलायचं नव्हतं तिला. आणि मी कलाकाराच्या हक्कांचा धडा म्हणून दाखवत होते.

मामा म्हणाला, "बाय, चार ओळी त्या. गाणं तर आलं ना."

आई खाली बसली. आवाज चढला नाही.

"मी तुझं नाव दोन गाण्यांत घेतलं, दादा. ही तीन म्हयन्याची घरी होती. दुधाने छाती भरून आली होती, पदर भिजला होता. तो आतला माणूस म्हणाला, बाई, मोठ्यानं म्हणा, नाव नीट आलं न्हाय. मी परत म्हणलं. चार येळा म्हणलं, तवा नीट आलं." तिने एक कप त्याच्यापुढे सरकवला. "आणि तू परत आलास तवा मी इचारलं, माझी कडवी भरलीस का. तू म्हणालास, व्हय तर."

मामाने चहा घेतला नाही. सीड्या पिशवीत भरायला लागला. त्याने माफी मागितली असती तर मला वाटतं आई नको म्हणाली असती. त्याने मागितली नाही. म्हणाला, सत्काराच्या दिवशी स्टेजवर गाईन ते कडवं, सगळ्यांसमोर.

"स्टेजवर नको," आई म्हणाली. "तितं तुझी शाल हाय. हितं गा. पेटी आणलीयस न्हवं?" आणि मला म्हणाली, "मोबाईल चालू कर."

मामाने पेटी सोडवून आणली. बराच वेळ भाता हलवत राहिला. पट्टी खाली धरली, आता वरचं जात नाही त्याला. बांधाचं गाणं सुरू केलं, शेवटच्या कडव्याच्या आधीचं धृपद घेतलं, गिरकी घेतली आणि कडव्यावर आला. नावाच्या जागी त्याचा आवाज एकदम आत गेला. ओळखणाऱ्यालाच नाव कळलं असतं.

आईने धृपद उचललं नाही. पेटी एकटीच थोडी पुढे गेली आणि थांबली.

"परत," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तो नावाच्या आधीच खोकला. मला वाटलं आता ती सोडून देईल, पाणी देईल. मी उठायला लागले तर तिने हाताने मला बसवलं.

"परत."

तिसऱ्यांदा नाव आलं, पण घाईत, पुढच्या शब्दाला चिकटून. तो हसला, झालं ना अशा अर्थाने. लहानपणी तो असा हसला की मला फार छान वाटायचं. आई त्याच्याकडे बघत होती आणि तिचे हात मांडीवर होते, टाळी धरायला वर आले नव्हते. तो हसायचा थांबला.

"परत, दादा."

चौथ्यांदा त्याने डोळे मिटले. गिरकी सावकाश घेतली आणि तिचं नाव सुटं, स्वच्छ, दोन्ही बाजूंना जागा ठेवून घेतलं. मग 'एक गोळा माझ्या हाताचा' पर्यंत त्याचा दम पुरला. त्याच्या कपाळावर घाम होता. डोळ्यांतही काही असेल, मी बघितलं नाही आणि मला बघायचंही नव्हतं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा ते नाव त्या जागी ऐकत होते. आता आई धृपद उचलेल म्हणून मी थांबले. तिने उचललं नाही. मला वाटलं आता तिला गाता येणार नाही, आणि रेकॉर्डिंग बंद करायला मी बोट पुढे नेलं.

"राहू दे चालू," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "परत."

मामाने तिच्याकडे बघितलं आणि भाता ओढला.